दुनळी

सोरियाच्या वरच्या अंगाला, जिथे डांबर संपतं
आणि नुसता वारा उरतो,
तिथे फेलिसाबाईंच्या स्वयंपाकघरात
मेणकापडावर ती आडवी ठेवली होती,
एइबारची दुनळी,
माझ्या मामाहून अकरा वर्षांनी मोठी.

बेनिग्नोमामा खुर्चीवर बसलाच नाही.
नक्षी बघू नकोस, मला म्हणाला,
पोलादावर कोरलेला कुत्रा म्हातारा होत नसतो.
स्क्रूच्या खाचा बघ.
खाच कुरतडलेली असेल तर कुणीतरी
भलत्याच पेचकसाने आत डोकावलंय,
आणि डोकावणारे हात नुसते डोकावून थांबत नाहीत.

मग नळ्या उतरवल्या,
खालच्या आकड्यात करंगळी घालून लटकवल्या
आणि नखाने टिचकी मारली.
माठ घेताना वाजवून बघतात, तशी.
नाद लांबला. खिडकीच्या काचेपर्यंत गेला, परत आला.
"डाख धरून आहे," मामा म्हणाला.
भद्द वाजली असती
तर आम्ही कॉफी पिऊन वाटेला लागलो असतो.

खिडकीकडे धरून मला आत बघायला दिलं.
उजेडाच्या कड्या, एकीत एक,
दूर दूर लहान होत गेलेल्या.
वाकडी कडी दिसली तर बोल.
उजवीत एक दिसली, वीतभर आत,
ओठ मुडपावा तशी. तिच्या अलीकडे गंजाचे तीळ.
डावी मात्र कोरी करकरीत,
जणू कालच दुकानातून आणलेली.

नळ्या परत चढवल्या. खिशातून
सिगारेटचा पातळ कागद काढून
सांध्यात ठेवला, बंदूक मिटली, कागद ओढला.
फाटला. म्हणजे चांगलं.
आयुष्यात काही ठिकाणी कागद फाटणं चांगलं असतं,
असं मामा म्हणाला नाही; तो असलं बोलत नाही.
त्याने खटका कुठवर येतो ते पाहिलं,
दस्त्यामागची चीर नखाने चाचपली,
लाकडात मुरलेलं तेल हुंगलं,
आणि दस्त्याच्या टोकाशी येऊन थबकला.

"दोन बोटं कापलाय," तो म्हणाला.
"यजमानांचा नेम बाकी पक्का होता, बाई.
उजवी झिजलीय, डावीला काम पडलेलं नाही.
पहिल्याच बारात पक्षी खाली.
पण दस्ता कापला. किंमत पडली."

फेलिसाबाई भांडी पुसत होत्या.
"यजमान?" त्या म्हणाल्या.
"त्यांना गोठ्यापलीकडचं दिसत नव्हतं.
करवत मात्र त्यांनीच चालवली,
लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, या टेबलावर.
माझे हात आखूड पडत होते."

फडकं खांद्यावर टाकून
त्यांनी दुनळी उचलली, उघडली, रिकामी आहे ना पाहिलं, मिटली.
गाल लाकडावर कधी टेकला ते दिसलंच नाही.
नळ्यांची तोंडं खिडकीबाहेर,
गव्हाच्या खुंटांवरून हळूच सरकली,
लाल पायांच्या तित्तिरांची जोडी उडत नव्हती तिथे,
आणि थांबली.

आम्ही दोघं भिंतीला लागून उभे.

"डावी," त्या म्हणाल्या, "चारदा उडवली असेन.
पहिला चुकला की पक्ष्याने कमावलेलं असतं.
आता मोतीबिंदू. खांदाही."
आणि ती टेबलावर ठेवली, होती तशी,
मेणकापडावरच्या जुन्या तेलाच्या डागावर बरोबर.

घासाघीस झालीच. मामाने कापलेल्या दस्त्याचे
साठ युरो कमी करायला सांगितले,
त्यांनी त्याच दस्त्याचे साठ जास्त सांगितले.
गार्दिया सिव्हिलच्या कागदावर सही करताना
'मालक' या रकान्यात त्यांचंच नाव होतं,
बावन्न वर्षं. आम्ही कुणी वाचलंच नव्हतं.

घरी येऊन मी हौसेने खांद्याला लावली.
मान दुमडली, कोपर कुठे जाईना.
दुसऱ्या दिवशी रानात एक बार काढला
आणि माझाच अंगठा माझ्या नाकावर आदळला.
मामा हसला नाही. कड्यांतून उजेड बघितला,
गंजाच्या तिळांवर तेलाचा बोळा फिरवला.
"लाकूड जोडून घेऊ का?" मी विचारलं.

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही त्याने.
नाक दुखतंय.