मुदत : मार्च २००३

डब्यावर छापलंय, पुसट, पण वाचता येतं.
भास्कर लोनबल्यांच्या लोखंडी कपाटात
डांबरगोळ्यांच्या पुडीला टेकून तीन रंगीत रोल,
आणि जुन्या धोतरात बांधलेला
दोन डोळ्यांचा यशिका.
“ने,” म्हणाले, “भंगारवाला किलोनं मागते.”

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागे माझं दुकान, ऑनलाइन फॉर्मचं.
दिवसभर पांढऱ्या पडद्यापुढं माणसं बसवतो.
कान दिसू द्या. हसू नका. झालं. पुढचे या.
याच खोलीत पूर्वी त्यांचा स्टुडिओ होता.
मागच्या भिंतीवर त्यांनी रंगवून घेतलेला जिना अजून आहे,
सात पायऱ्या, वर माडी नाही.
पाचव्या पायरीवर मी राऊटर ठोकलाय.

“जुन्या रोलले उजेड जास्त पाजा लागते,
दर दहा सालाले एक स्टॉप.”
मी बोटं मोजली. दोन, आणि वर थोडं.
“आन् आपल्या इकडच्या उनाचा आनखी एक धर.
इथं कोनतीबी वस्तू लवकर म्हातारी होते.”

बावीस उन्हाळे तो कपाटात होता.
नवतपात त्या कपाटाच्या कडीला हात लावता येत नाही,
दुपारी वरचे टिन तडतडतात,
गावातली कुत्री नालीत पोट टेकून पडतात,
आणि हा आपला काळ्या कागदात गुंडाळलेला,
शटर नाही, काच नाही,
तरी काहीतरी आत घेत बसलेला.

पहिला फोटो लावतानाच वाया गेला.
दुसऱ्यात म्हशीचा कान आहे.

या कॅमेऱ्यात बघायचं तर मान खाली घालावी लागते.
“कोनाच्या पाया पडून रायला रे?”
रायवंता शेडमाके विचारते.
पहाटे तीनला जंगलात गेलेली,
आता डोक्यावर तेंदूपत्त्याचं गाठोडं, नखं काळी.
काचेवर सगळं उलटं दिसतं.
ती फळीकडे निघाली की काचेत घराकडे जाते.
मी तिच्यामागे चुकीच्या बाजूला वळत राहतो.
“उभी राय ना काकू.”
“उभी रायली तं पुडके तू मोजशील?”

खट्.

“दाखव.”
“आत्ता नाही दिसत यात.”
“मंग कवा?”
“पार्सल पुण्याला जाईल. धुऊन येईल. महिना, दीड महिना.”
“रोवना लागून जाईन तवापर्यंत,”
असं म्हणून ती गेली. कोणीकडे, ते मी
मान वर करून पाहिलं.

नंतर बोडीच्या पाळीवर तीन काढले.
एक मोहाच्या झाडाचा, एक सायकलच्या पंपाचा,
का काढला ते आठवत नाही.

लिफाफा आला तेव्हा खरंच रोवणा संपत आला होता.
बोडीचं पाणी जांभळं.
आभाळ उकळून उकळून विटलेल्या चहासारखं,
आणि त्यात टिंबं, टिंबांच्या मधोमध एक ७.
मागच्या कागदावरचा आकडा बावीस वर्षांत
रोलमध्ये उतरलेला.
रायवंताच्या कपाळावर ९ आलाय.
हिरवी पानं मात्र वाळून, भाजून,
आत्ताच विडीच्या रंगाची.
तिनं फोटो जवळ नेला, लांब नेला.
“हा नंबर कायचा?”
मी कागदाचं सांगायला लागलो.
“फळीवरचा असन,” ती म्हणाली
आणि फोटो पोलक्यात ठेवला.

लोनबल्यांकडे गेलो तो माफी मागायच्या तयारीनं.
तीन स्टॉप दिले, तरी धूर चढला, म्हटलं.
रंग गेले पार.
त्यांनी एकेक फोटो दारातल्या उजेडात धरला.
वेळ लावला. पंपापाशी थांबले.
“कुठं गेले? बराबर हायेत.
मले तं असंच दिसते समदं.”

दिवाळीनंतर सेवाग्रामला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे,
दोन्ही. तारीख मीच ऑनलाइन काढून दिली.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.
“दुसरा रोल त्याच्याआंधी संपव.
मंग मले हे रंग नाई दिसनार.”