लाउंजमध्ये काय मिळतं

जयवंता, परवा तुझी पाळी,
म्हणून सांगून ठेवतो.
दम्माम ते यान्बू, साहेबांचं तिकीट.
साहेबांची कंबर धरली की ते आपल्यापैकी कुणाच्या तरी नावावर होतं
आणि तिकिटाबरोबर ती खोलीही मिळते.
वर पाटी : देशांतर्गत.
कुणाच्या देशाच्या अंतर्गत, ते विचारत बसू नकोस.
दार दुधी काचेचं, आपोआप सरकतं.
मी ढकललं. तू ढकलू नकोस.

काउंटरवर रीम नावाची मुलगी असते.
ती बूट बघत नाही.
मीच बघत होतो माझे सारखे,
लोखंडी टोपाचे, शिवणीत शटडाउनचं ग्रीस बसलेले;
गालिचा सायीच्या रंगाचा,
म्हणून भिंतीकडेनं गेलो,
नुकत्या पुसलेल्या लादीवरून जावं तसा.

फूल लिहिलंय तिथं फूल नसतं.
दाणे असतात शिजवलेले, वर तेलाची तार;
आपल्या बिरड्याचा लांबचा चुलता,
खोबऱ्याशी बोलणं टाकलेला.
खजूर चार जातींचे.
बिया कुठं टाकायच्या हे कुठंच लिहिलेलं नाही.
अकरा अजून माझ्या खिशात आहेत.

आणि गहवा.
कप चिमणीच्या आंघोळीपुरता,
रिकामा झाला की भरतात, रिकामा झाला की भरतात.
पुरे म्हणायचं तर बोलायचं नाही,
कप नुसता मनगटातून हलवायचा.
एकोणीस वर्षं झाली मला या वाळूत
आणि हे ठाऊक नव्हतं.
आपल्याला चहा पातेल्यातून, नंतर थर्मासमधून,
पुरे म्हणायची वेळ कधी आली?
संकोचानं सात प्यालो.
आठव्याला हात थरथरला,
ते त्यानं 'पुरे' समजून घेतलं.

खुर्ची आत ओढून घेते.
पाठीला आधी कळतच नाही काय करायचं;
तिला माहीत बसचा पत्रा, कंटेनरची भिंत,
आणि वरच्या बंकवर मुबारकच्या कुशी बदलण्यानं
हलणारी पट्टी.
मग कळतं तिला. मग ती ऐकत नाही.

शांत असतं रे फार.
पाचचा भोंगा, सातचा भोंगा, जेवणाचा,
गॅस गळतीचा, गॅस गळतीच्या सरावाचा,
एवढ्या भोंग्यांवर आपण उठलो-बसलो,
मी धरून चाललो होतो, इथंही कुणीतरी पुकारेल.
कोपऱ्यात एक फळा होता,
त्यावरची अक्षरं आवाज न करता बदलत होती.
काचेतून एक विमान निघताना दिसलं,
उन्हात शेपटी चमकली,
मी म्हटलं, वा.

ते माझंच होतं.

बश्या उचलणारा टेकबहादूर, पाल्पाचा,
'दाई' म्हणाला मला. त्यांच्यात दाई म्हणजे थोरला भाऊ.
दाई, इथं कुणी हाक मारत नाही.
ज्याचं त्यानं उठायचं असतं.

रीमनं रात्रीच्या विमानात बसवलं,
हसली नाही, रागावली नाही,
फक्त वेळेखाली पेनानं दोन रेघा मारल्या.
सहा तास होते. कुमुदला फोन लावला.
तिनं नेहमीचं विचारलं, कधी येताय?
मी नेहमीचं म्हणणार होतो,
कंपनी सोडेल तेव्हा.
तोंडाशी आलं होतं.
म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर करतो.
आवाज तुटत नव्हता,
नेट तिथलं फार चांगलं, जयवंता,
पासवर्डसुद्धा लागत नाही.

दोन लिंबाचे केक रुमालात आणलेत,
तुझ्या डब्यात ठेवलेत, जरा चेपलेत.
परवा जाशील तेव्हा मोबाइलला गजर लावून बस.
जड वाटलं तरी ऊठ.
आणि कप हलव.