सोळा बाय सोळा

शेवंताक्का हलगेकरांची पद्मिनी, अठ्ठ्याऐंशीची.
मागच्या सीटवर कुंद्याचे डबे,
आठवड्यातून दोनदा चोर्ला उतरून साखळीला.
तिथल्या दुकानदारानं एक डबा परत धाडला:
पेट्रोलचा वास मारतोय.

अक्कांनी तो माझ्या बेंचवर आपटला, झाकण काढलं.
बोटभर चाखून बघितलं.
खरं होतं.

चाळीस वर्षं मी कार्बोरेटरचं ऐकून स्क्रू फिरवला,
पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं.
पॉइंटची फट पंधरा थाऊ,
गेज सापडला नाही तर कुणाची तरी लग्नपत्रिका दुमडून.
उद्यमबागेत म्हणायचे, काकतकरचा कान.
कान होता हो.
नाकाचं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मल्लेशी गोकाकचा, डिप्लोमावाला,
आकडे इंग्रजीत, हिशेब कन्नडात, शिव्या मराठीत.
डिस्ट्रिब्यूटर त्यानं दात उपटल्यासारखा उपटला.
"खालचा शाफ्ट ठेव रे," मी ओरडलो,
"ऑइल पंप त्याच्यावर जगतो!"
त्यानं शाफ्ट ठेवला, वर पत्र्याचं झाकण मारलं.
भंगारातल्या मारुतीचे इंजेक्टर, टाकीत नवा पंप,
सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून धूर हुंगणारा सेन्सर.
म्हणजे नाक आलं.

अण्णाप्पाच्या लेथवर चकती कातली:
छत्तीस दात, त्यातला एक मुद्दाम पाडलेला.
पस्तीस जण सेन्सरपुढून निमूट जातात,
बोळकी जागा आली की मशीनला कळतं
पिस्टन आता कुठं आहे.
जे नाही त्याच्यावरनं जे आहे ते ओळखायचं.
मला हे कळायला दोन चहा लागले.

ठिणगीचं मात्र तेच जुनं,
पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधी पडली पाहिजे.
किती आधी, हे आता
सोळा ओळी आणि सोळा रकाने सांगणार.
मल्लेशी म्हणाला, ह्याला मॅप म्हणतात. नकाशा.

शेजारच्या टपरीवरची दोन डोकी वळली.
आमच्याकडं हा शब्द जपून काढावा लागतो.
"पेट्रोलचा हो," मी म्हटलं, "पेट्रोलचा."
डोकी परत पेपरात.

नकाशा गॅरेजात बसून भरत नाही.
पहाटे निघालो. अक्का स्टिअरिंगवर,
मल्लेशीच्या मांडीवर लॅपटॉप, मी मागं डब्यांत.
किणयेच्या चढाला एक चौकट हिरवी झाली,
कुसमळीच्या पुलावर तिसऱ्या गिअरात दोन,
जांबोटीत म्हैस आडवी बसलेली, उठेना,
तेवढ्यात आयडलची अख्खी ओळ बसवून घेतली.
कणकुंबीच्या धुक्यात गाडी ठसकली, दोनदा.

मी मागनं म्हटलं, मिश्रण पातळ पडतंय.
मल्लेशी स्क्रीनकडं बघत राहिला थोडा वेळ.
"हौद्री," म्हणाला, "पातळच."
मला काय वाटलं ते सांगत नाही.

घाट सुरू व्हायच्या आधी अक्कांनी गाडी कडेला घेतली,
किल्ली फिरवली. सगळं गप्प.
मागचं दार उघडून एक डबा काढला,
डोळे मिटून झाकणाखाली नाक घातलं.
"दूध," म्हणाल्या.
मग, "वेलची जरा जास्त झालीय."

सरळ डबा आमच्यापुढं धरला.

वरच्या कोपऱ्यात चार-पाच चौकटी अजून कोऱ्या होत्या.
इंजिन मंद आणि पाय तळाला दाबलेला,
तशी गाडी कोण हाकतंय?
"आणि हाकलीच तर," मी विचारलं, "तिथं मशीन काय करतं?"
"शेजारच्या चौकटींना विचारतं. मधला आकडा धरतं."
"आणि शेजारी भांडत नाहीत?"

मल्लेशीचं तोंड कुंद्यानं भरलेलं होतं.