परीटघडी

ते गेले त्या मंगळवारी
एकतीस शर्ट माझ्याकडेच राहिले.
धुतलेले, खळ घातलेले, परीटघडीचे.
नायजर नदीच्या पाण्यात वाळू फार,
म्हणून मी प्रत्येक शर्ट तीनदा खळबळून काढत असे.
हे त्यांना कधी बोलले नाही.
पैसे एकदाचेच घेतले.

आमच्या गाओत नऊ वर्षं रात्र अशी झालीच नव्हती.
छावणीचे दिवे पार अंगणात यायचे,
माझी अगायशा त्याच उजेडात अक्षरं शिकली.
आता काळोख असा
की हात धरून घरात आणावा.
म्हातारा सिदालामीन म्हणतो, तारे परत आले.
येऊ देत.
ताऱ्यांचं काय, ते कुणाच्याही बाजूनं चमकतात.

मी रडले नाही हं त्यांच्यासाठी.
माझ्या बहिणीचा नवरा लाकूडफाटा आणायला गेला,
त्यांच्या विमानानं त्याला कुणी दुसराच समजलं.
त्याच आठवड्यात मी त्यांच्या उशांचे अभ्रे धुतले.
का धुतलेस, विचारशील.
साबण आधीच भिजला होता.

पण पाहुणे गेले, खरकटं आम्ही काढतोय.
अन्सोंगोच्या बसचा ड्रायव्हर
तिकिटाआधी आईचं नाव विचारतो,
कुणाला कळवायचं ते ठाऊक असावं म्हणून.
छावणीची कुत्री दारोदार फिरतात,
त्यांना आमची भाषा कळत नाही.

आणि माझा बोंकाना.
त्यांचे हुकूम आमच्या भाषेत करायचा,
आमची भीती त्यांच्या.
जाताना त्याला एक कागद दिला, दोन शिक्क्यांचा:
या माणसानं आम्हाला प्रामाणिकपणे साथ दिली.
असा कागद
कुठल्या खिशात ठेवतात?
रोज वेगळ्या गच्चीवर झोपतो पोरगा.
भाकरी मी शेजारणीच्या हाती पाठवते,
कुणाला, ते ती विचारत नाही.

परवा मोटरसायकलवर दोघं आले, तोंडं बांधलेली.
एकाचा आवाज ओळखला मी,
लहानपणीचे त्याचे लंगोट धुतलेत या हातांनी.
म्हणाला, कुणाचे हे कपडे?
म्हटलं, पैसे बुडवून पळाले त्यांचे.
तो हसला नाही.
परत येतो म्हणाला.

रात्रभर ब्लेडनं उसवत बसले
छातीवरची नावाची पट्टी, एकेक टाका.
शर्ट निळीच्या रांजणात बुडवले, कोळ्यांना विकून टाकले.
आता नदीवर जाळं फेकताना दिसतात,
छातीवर एक चौकोन
बाकी कापडाहून गडद.

पट्ट्या चहाच्या डब्यात आहेत.
जाळायला हव्यात, जाळवत नाहीत.
मला वाचता येत नाही.
काल अगायशानं डबा उघडला,
पहिलं नाव मोठ्यानं वाचायला लागली,

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.