खळीचा हिशेब

वरच्या मजल्यावर ती कापायची,
खालच्या मजल्यावर मी चिकटवायचो.
मधे दोरीवरचा पाळणा, पुस्तकं खाली आणणारा.
त्याची चाकं कुरकुरायची. बाकी कुणी ब्र काढत नसे.
लिएपायाच्या बंदराजवळ, दोरखंडांच्या जुन्या कारखान्यात,
शब्दशुद्धी खातं, शाखा क्रमांक चार.

तिचं नाव स्काइद्रीते, हे हजेरीच्या वहीतून कळलं.
आमच्याकडे त्याचा अर्थ नितळ, स्वच्छ.
खात्याला असलं नाव आवडलं असणार.
चेहरा मी कधी पाहिला नाही,
पात्याची धार तेवढी ओळखायचो:
सोमवारी नवं पातं, कडा रेशमासारख्या,
शनिवारी बोथट, कागदाला लव फुटलेली.

काम सोपं होतं.
ती ओळ काढणार, पानाला खिडकी पडणार,
मी मागून कोरी पट्टी लावणार.
पट्टीला खळ, खळीला महिन्याचं चार किलो पीठ,
तेही गुनवाल्डिससमोर सही करून.
गुनवाल्डिस वाईट माणूस नव्हता.
त्याला फक्त बेरजा जुळलेल्या आवडायच्या.

सतरा वर्षं मी एकही पुस्तक वाचलं नाही.
भोकं पाहिली.

मग एका जानेवारीत बंदर गोठलं
आणि बादलीतली खळही, दगडासारखी.
पुढ्यात मधमाशीपालनाचं पुस्तक, पान एक्केचाळीस.
खिडकी उघडीच राहिली, आणि तिच्यातून
मागच्या त्रेचाळिसाव्या पानावरचं वाक्य वर आलं:
हिवाळ्यात माशा मरत नाहीत,
एकमेकींना बिलगून थरथरत राहतात.

योगायोग, म्हटलं.
पण पाकशास्त्राच्या पुस्तकातून आलं:
झाकण काढू नका, वाफ आतच काम करते.
आणि रेल्वेच्या वेळापत्रकातून:
फलाट बदलला आहे, गाडी तीच.
योगायोग इतका मोजून बसत नाही.
आता ती खात्याने न सांगितलेल्या ओळीही कापत होती.
एक वाक्य दाखवायचं तर त्याच्यापुढची
एक निरपराध ओळ मारावी लागते.
त्या ओळींचं मला वाईट वाटायचं, अजून वाटतं.
"दोन चमचे मीठ, चिमूटभर साखर"
असलं काहीतरी असेल बिचारं.

मी खळ लावणं सोडलं.
सगळीकडे नाही. दहात एक, मग पाचात एक.
ना चिठ्ठी, ना खूण.
ती वर, मी खाली, आणि पाळणा कुरकुरत.

मार्चमध्ये गुनवाल्डिस वही घेऊन उतरला.
"पीठ नेलंत चार किलो.
पट्ट्या भरतात अडीच किलोच्या. उरलेलं?"
पाळणा अधांतरी थांबला होता.
दोरी हलत होती.
"खाल्लं," मी म्हणालो.
"खाल्लं?"
"धिरडी करून. रात्री. भूक लागते."
त्याच्या हातात मधमाश्यांचं पुस्तक होतं,
एक बोट खिडकीत, पेरापर्यंत आत.
ते बोट त्याने हळूच बाहेर काढलं,
पुस्तक मिटलं, आणि वहीत लिहिलं: पीठचोरी, दीड किलो.
बेरीज जुळली.

आठ महिने दलदलीत गुडघाभर उभं राहून
काळी, जळाऊ माती उपसली.
आता मासळीच्या डब्यांना लेबलं लावतो.
इथेही खळच, पण हिशेब दुसराच कुणी ठेवतो.
स्काइद्रीतेचं काय झालं, विचारता येत नाही.
विचारायचं तर नाव घ्यावं लागतं.

परवा वाचनालयातून एक पुस्तक आणलं,
दातांची निगा, दुसरी आवृत्ती.
खिडक्या पुष्कळ, सगळ्यांना पट्ट्या.
माझ्या जागी आलेल्याचा हात चांगला आहे, कुठे सुरकुती नाही.
एक पट्टी मी किटलीच्या वाफेवर धरली,
नखाने कोपरा उचलला.

आत काय लिहिलं होतं ते नंतर वाचलं.
आधी कडेवरून बोट फिरवलं.
लव होती.
शनिवार असावा.