मागे होड्या असतात

सही करून घेतल्या कुप्या :
एक संच लागणारा, एक जादाचा, नियमाप्रमाणे.
डबा शेजारच्या सीटवर ठेवला
आणि का कोण जाणे,
त्याला पट्टा लावला.

वोब्बे हूकेमा. वय अठ्ठ्याहत्तर.
छत्तीस वर्षं फ्रीसलंडमधल्या एका कालव्याच्या
दारांचा राखणदार.
काठीच्या दोरीला लाकडी जोडा बांधून
होड्यांवर सोडायचा, त्यात टोल पडायचा.
आता हात नाहीत. म्हणजे आहेत,
पांघरुणावर, दुसऱ्या कुणी विसरून गेल्यासारखे.
जीभ गेल्या हिवाळ्यात जड झाली.
मी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवते,
हव्या त्या अक्षरावर तो डोळे मिटतो.
एका वाक्याला अर्धा तास.
असा माणूस उगाच बोलत नाही.

फॉर्म विचारतो, यातना असह्य आहेत का.
मी वोब्बेला विचारलं.
त्यानं एकेक अक्षर वेचलं :
तुला कसं मोजता येणार.
मग, चहा गार झाल्यावर :
मलाही नाही. पण सोसतोय मी.

घाई नाही, मी म्हटलं. चारदा म्हटलं.
पाचव्यांदा त्यानं मला कालव्याचा नियम सांगितला :
दोन्हीकडचं पाणी सारखं होईतो
दार उघडायचं नाही.
झालं की थांबायचं नाही.
मागे होड्या असतात.

मी पाटी खाली ठेवली.
मागे कोण, वोब्बे? आउक्ये?
बहीण रात्री तीनदा उठून तुला कूस बदलून देते, म्हणून?
त्यानं पाटीकडे बघितलं. मी उचलली.
वि. नो. द.
मी हसले. तो हसला का, कळायला मार्ग नव्हता,
चेहरा आधीच गेला होता.
त्या रात्री मी तो शब्द वहीत लिहिला
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
ते अजून तिथे आहे.

आउक्ये रविवारी दोनदा चर्चला जाते.
देणाऱ्यानं दिलं, नेणाऱ्यानं न्यावं,
तू कोण मधली?
तिच्याकडे पाठ करून मी हात धूत होते.
बोलावलेली, म्हटलं.
यापेक्षा बरं उत्तर मला आजही सुचत नाही.

गुरुवार. दुपारचे दोन.
शेवटचं विचारायचं असतं, विचारलं.
त्यानं डोळे मिटले.
मिटलेले डोळे म्हणजे होय, हे आमचं ठरलेलं.
मग ते उघडलेच नाहीत.
कुठवर तो होकार होता
आणि कुठून पुढे नुसते मिटलेले डोळे,
मला फॉर्ममध्ये लिहिता आलं नाही.
वेळ तेवढी लिहिली. दोन वाजून अकरा.

स्वयंपाकघरात आउक्ये बटाटे सोलत होती.
मान वर न करता :
मेला, की मारलास?
दोन्ही, मी म्हटलं.
सुरी थांबली. परत चालू झाली.
निदान खोटं बोलली नाहीस.
भांड्यात पाच बटाटे होते.
तिला दोन पुरतात.

मग ती कंगवा घेऊन आली.
मी दारात आडवी झाले :
नगरपालिकेचा डॉक्टर येऊन बघेपर्यंत
देहाला हात लावता येत नाही.
दारं नगरपालिकेची होती, ती म्हणाली,
तो नव्हता.
आयुष्यभर डावीकडे भांग पाडायचा.
तुझ्या नर्सनं उजवीकडे पाडलाय.

नियम बरोबर आहे. का आहे, तेही मला ठाऊक आहे.
उद्या कुणी संशय घेतला तर तोच मला वाचवेल,
आणि त्याच्यासारख्या दुसऱ्या कुणाला
माझ्यापासून.

मी खिडकीकडे वळले.
कालव्याच्या बंद दारासमोर एक होडी येऊन थांबली होती,
टोपी घातलेली बाई, एक पोर, दोरीवर वाळत घातलेले मोजे.
पाणी चढत होतं, सावकाश.
पाठीमागे कंगव्याचा आवाज.