ळ

मानखुर्दच्या पालिका शाळेत, रात्री साडेआठला,
तिसरीच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून
माझा वर्ग बसतो.

आज ळ.
बलभद्र थापा ड्यूटीची शिट्टी खिशात सारून म्हणतो, "केला."
काय केला? विचारते मी.
हशा.
नूरसबा, जरीकाम करणारी, मुर्शिदाबादची,
कमळ म्हणायला तयार नाही:
"कमाल माझ्या नवऱ्याचं नाव, बाई. बिघडेल."

मागच्या बाकावर दैतारी बेहेरा, केंद्रापाड्याचा प्लंबर.
पाच महिन्यांत चकार शब्द नाही.
तो हळूच म्हणतो,
"नळ."

सगळे वळून बघतात.
"आमच्याकडे पण आहे हा," असं काहीसं पुटपुटतो,
आणि पान्याने आटे फिरवावेत तसं बोट वळवत
थापाला दाखवतो, जीभ कुठे टेकवायची.

मी फळ्याकडे तोंड करते.
जतहून आले तेव्हा
माझ्या 'पानी'वर हॉस्टेल हसायचं.
ण घोटला मी न्हाणीघरात, कडी लावून,
नळ पूर्ण सोडून,
बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

साडेनऊ. दारातून थापा ओरडतो,
"बाई, केळा!"
लिंग चुकलं.
राहू दे आज.